ऑडिशनला लक्षात राहायचं तर वाईट क्यूची तयारी करा – माझा अनुभव

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारलं की नाशिकला राहून सिरीयलचं काम कसं मिळालं, ऑडिशनमध्ये नेमकं काय केलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आणि खरं सांगू का, ऑडिशन घेणाऱ्या एका ऑफिसवरचा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे तोही यात येणारच.

मी हौशी रंगभूमीवरची. सरकार घेतं ती राज्य नाट्य स्पर्धा, तिच्या नाशिक केंद्रावर वर्षानुवर्षं कामं केली, साईखेडकर, कालिदास या नाट्यगृहांत. कॅमेऱ्याचा अनुभव जवळपास नव्हता. वय चाळिशीपुढे, त्यामुळे माझ्या वाट्याला आई, मावशी, शेजारीण असेच रोल. व्हॉट्सॲप ग्रुपवर रिक्वायरमेंट आली, आई, वय 42 ते 50, ग्रामीण लुक, मराठी पक्की पाहिजे. फोटो पाठवले, दोन दिवसांत वेळ आणि पत्ता आला, मुंबईत वर्सोव्याचं आरामनगर. सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरून लोकलने अंधेरी, मेट्रोने वर्सोवा, तिथून रिक्षा. गेटवर एकाने वरपासून खालपर्यंत बघितलं, नाव लिहून घेतलं आणि आत सोडलं. माझ्या पुढच्या दोघींना मात्र तिथूनच "नॉट फिट" म्हणून परत पाठवलं, त्यातली एक सोलापूरहून आली होती. आत बसल्यावरही ती डोळ्यासमोरून जात नव्हती.

इंट्रो सोपा असतो पण तो नीट करा. लेन्समध्ये बघून नाव, वय, उंची, राहता कुठे, भाषा कुठल्या येतात, मग डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, हात पुढून मागून. लोक हे घाईत उरकतात आणि सीनची वाट बघतात. तसं करू नका, टेक, म्हणजे तुमचं रेकॉर्डिंग, बघणारा माणूस पहिल्यांदा इंट्रोच बघतो आणि तिथे तुमचा स्वतःचा आवाज, स्वतःची बोली ऐकू येते. मी सटाण्याकडची, घरात अहिराणी, ते मी इंट्रोत स्वच्छ सांगितलं. जी बोली खरंच येते तीच सांगा, कारण पुढच्या मिनिटाला बोलून दाखवा म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. क्यू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऑडिशनला समोर सहकलाकार नसतो. कॅमेऱ्याच्या बाजूला ऑफिसमधला कुणीतरी उभा राहतो आणि समोरच्या पात्राची वाक्यं वाचतो. तो क्यू. टेकमध्ये तो दिसत नाही, फक्त त्याचा आवाज असतो, आणि दिसता तुम्ही, ऐकताना. म्हणजे तुमचं निम्मं काम त्याच्या वाचण्यावर अवलंबून.

सीन असा होता की मुलगा घरी येतो आणि आईला सांगतो, वावर विकलं. आई विचारते, "कोणतं?" तो म्हणतो, "विहिरीजवळचं." तिथून आई बदलते. अख्खा सीन त्या "कोणतं" वर उभा आहे, कारण त्या क्षणापर्यंत तिला आशा आहे की माळावरचं खडकाळ विकलं असेल. पान हातात पडल्यावर मला खूप आनंद झाला, वाटलं हे आपलंच आहे, माझ्या माहेरी असं घडलेलं मी बघितलंय.

सकाळी अकराची वेळ दिली होती, नंबर आला चारच्या पुढे. पाणी बाहेरून आणायचं, बसायला दोन बाकडी, सगळ्या बायका भिंतीला टेकून पाठांतर करतायत. ते पण ठीक. पण क्यू द्यायला जो मुलगा होता त्याने मान मोबाईलमध्ये घातलेली आणि एका दमात म्हणून टाकलं, "आई वावर विकलं मी विहिरीजवळचं पैसे जमा झालेत बँकेत." माझं "कोणतं" त्याने गिळलंच. उत्तर आधी आलं, प्रश्न नंतर. मी थांबले, म्हटलं, "अरे दादा, मधे माझं वाक्य आहे, परत घेऊया का एकदा?" तर म्हणे, "ओके आहे मॅम, पाठवतो." मी परत म्हटलं, एकच घेऊ. "मॅम बाहेर लाइन आहे." झालं. दिवसभराचा प्रवास, पाच तास थांबणं, आणि टेक दीड मिनिटाचा, तोही त्याने मोडलेला. परतीची पंचवटी चुकली ती वेगळीच.

नंतर फोन आला की डिरेक्टरला चेहरा आवडलाय पण रीटेस्ट पाहिजे, कारण "रिॲक्शन लेट येतेय". हे ऐकून मी किती संतापले सांगता येत नाही. रिॲक्शन लेट नव्हती हो, क्यू लवकर होता! पण टेक बघणाऱ्याला हे कळणार कसं, त्याला फक्त माझा चेहरा दिसतो. हे प्रत्येकाने लक्षात ठेवा, क्यू देणाऱ्याने केलेला गोंधळ तुमच्या नावावर जमा होतो. ज्या ऑफिसचं कामच कलाकार निवडायचं आहे त्यांनी क्यू द्यायला वाचता येणारा, समोर बघणारा माणूस ठेवू नये याची मला आजही चीड येते. नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टरसुद्धा यापेक्षा जबाबदारीने वाचतो.

रीटेस्टला तोच मुलगा असणार हे मी धरूनच चालले आणि तयारीच तशी केली. माझी भाची कॉलेजात आहे, तिला बसवलं आणि सांगितलं, मुद्दाम वाईट क्यू दे. ती म्हणाली, "मावशी, वाईट म्हणजे कसा?" म्हटलं, एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात तसं वाच, दोन वाक्यं जोड, कधी माझं वाक्य संपायच्या आत सुरू हो, कधी मधलं एक गाळ, माझ्याकडे अजिबात बघू नको. पोरीने जीव तोडून वाईट वाचलं. सुरुवातीला दरवेळी मी अडकायचे. मग हळूहळू लक्षात आलं की त्याच्या आवाजातल्या भावनेची वाट बघायचीच नाही, फक्त शब्द घ्यायचा. "विहिरीजवळचं" हा शब्द कसाही आला, सपाट आला, घाईत आला, तरी टोचायचं काम तो शब्द करतो. आणि मुलगा कुठे उभा आहे हे मी ठरवून टाकलं, लेन्सच्या जरा उजवीकडे, माझ्यापेक्षा उंच, नजर चुकवणारा. क्यू देणारा बसलेला असो की उभा, माझी नजर तिथेच जाणार. (लेन्समध्ये फक्त इंट्रोला बघायचं, सीनला नाही, जोपर्यंत कुणी वेगळं सांगत नाही.)

रीटेस्टला गेले तर अपेक्षेप्रमाणे तोच, मान खालीच. आत गेल्यावर मी आधी त्याचं नाव विचारलं आणि म्हटलं, कॅमेरा रोल करायच्या आधी एकदा नुसतं वाचूया का, तीस सेकंद लागतील. हे मात्र सगळ्यांनी नक्की मागा, टेक नंतरचा रीटेक सहसा देत नाहीत पण आधीचं वाचन देतात. वाचलं. आणि टेक सुरू झाल्यावर त्याने परत तेच केलं, "वावर विकलं मी विहिरीजवळचं पैसे..."

या वेळी मी थांबले. पूर्ण थांबले, त्याचं वाक्य संपू दिलं, आणि हळू विचारलं, "कोणतं म्हणालास?"

कागदात फक्त "कोणतं" होतं. पण आता ती बाई अशी झाली की जिने ऐकलंय आणि तिला ऐकलेलं नकोय. त्या मुलाने दचकून पहिल्यांदा मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि खरंखुरं म्हणाला, "विहिरीजवळचं." त्याचा आवाज उतरला होता. माझ्या हातात सीनचं पान होतं, पाठ होतं तरी हातात ठेवलं होतं, कारण त्यालाच मी सातबारा धरलं होतं. त्याची मी घडी केली, परत घडी केली, कमरेला खोचली आणि शेवटचं वाक्य म्हटलं. कट म्हणेपर्यंत हलले नाही. खोलीत असलेल्या लाइटवाल्याने "मस्त ताई" म्हटलं, आणि मला आतून कळलं की हा टेक पुढे जाणार.

गेला. सेटवर पहिल्या दिवशी डिरेक्टरने ओळख करून दिली ती "कागदवाल्या आई" अशी. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. तितक्या सगळ्या टेकमधून नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, एखादी कृती राहते. पण ती कृती सीनमधूनच आली पाहिजे. माझ्या आधी एका मुलीने उगाच खुर्ची आपटली होती, ते आवाजामुळे फक्त माइकला लक्षात राहिलं असेल. आणि डायलॉग बदलायचं स्वातंत्र्य घेऊ नका, एखादा शब्द अडचणीतून आला तर ठीक, सिरीयलवाल्यांना लेखकाची ओळ मोडलेली आवडत नाही.

बाकी जसं आठवतंय तसं. कपडे एकरंगी घाला, बारीक चौकडी आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात थरथरतात. पांढरा शुभ्र टाळा. नाटकवाल्यांनो, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय बाजूला ठेवा, माइक हातभर अंतरावर असतो, भुवयासुद्धा निम्म्याने कमी करा. विचारून घ्या की फ्रेम कुठपर्यंत आहे, क्लोज असेल तर हातातला कागद दिसणारच नाही, मी विचारलं होतं म्हणून घडी छातीच्या उंचीवर केली.

सेल्फ टेस्ट, म्हणजे घरीच शूट करून पाठवायची ऑडिशन, मागितली तर मोबाईल आडवा, मागे कोरी भिंत, खिडकी समोर, आणि क्यू देणाऱ्याला मोबाईलपासून जरा लांब उभं करा नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर तसाच पाठवू नका, क्वालिटी पडते, ड्राइव्हची लिंक द्या आणि फाइलला नाव, वय, उंची, गाव लिहा.

ऑडिशनसाठी, रजिस्ट्रेशनसाठी, कसल्याही कार्डासाठी कुणी पैसे मागितले की तिथून उठायचं. ऑडिशनला पैसे लागत नाहीत, लागत नाहीत, लागत नाहीत. आमच्या ग्रुपमधल्या दोघींचे असे गेलेत.

हो, आणि नाशिक-पुण्याहून जाणाऱ्यांनी परतीचं रिझर्व्हेशन करूच नका त्या दिवशी, मुक्कामाची सोय बघून ठेवा, गाडीची चिंता डोक्यात असली की ऐकण्यावर परिणाम होतो. काम मिळालं तर पैसे साधारण 90 दिवसांनी येतात, ही या धंद्याची रीतच आहे, तेव्हा तेवढ्या महिन्यांचा प्रवासखर्च आधी बाजूला काढून ठेवा आणि दर दिवसाच्या कामाची नोंद स्वतःच्या वहीत तारखेसकट करा, नंतर हिशोबाला तीच उपयोगी पडते.