कणकेचं आळं

शनिवार, रात्री साडेअकरा

नखांत अजून काचेची पांढरी भुकटी आहे, दोनदा साबण लावूनही. आज माशांच्या टाकीच्या मागच्या काचेला भोक पाडलं आणि काच शाबूत आहे. तडकली असती तर ही वही आज उघडलीच नसती.

सगळं सुरू झालं ते डाव्या कोपऱ्याखालच्या पांढऱ्या रेघेपासून. खारं पाणी झिरपलं की ओल उडून जाते, मीठ तिथेच राहतं. गेल्या पावसाळ्यात हाच कोपरा मी ‘दुरुस्त’ केला होता, म्हणजे जुन्या सिलिकॉनवरच नवीन सिलिकॉन फासलं होतं. नवीन सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, पण सुकलेल्या सिलिकॉनला धरत नाही. थोडक्यात, भिंतीला आलेल्या ओलीवर मी कॅलेंडर टांगलं होतं. खालच्या प्लायला पोपडे आले तेव्हा अक्कल आली.

टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. साधारण १९० लिटर. क्लाउनफिशची जोडी आणि सिरॅमिकचे दगड सध्या आईच्या कपडे भिजवायच्या टबात, हीटरसकट. (दगडी प्रवाळ माझ्याकडे नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत ते; मालवणला पायाशी मेलेला तुकडा आला तरी मी तिथेच ठेवून येतो.)

टाकी रिकामी झालीच आहे, तर खालच्या संपसाठी (संप म्हणजे टाकीखालची दुसरी टाकी; पाणी भोकातून तिच्यात उतरतं आणि पंपाने परत वर येतं) भोकही पाडून घ्यावं, असं मनात आलं. भोक मागच्या काचेत, वरच्या बाजूला. वीज गेली, पंप थांबला, तरी त्या वाटेने फक्त भोकाच्या वरचं पाणी खाली येणार. माझ्या टाकीत दर सेंटिमीटरला ४ लिटर. तेवढी जागा संपमध्ये मोकळी ठेवली की खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध गोड राहतात.

टाकी ज्यांनी बांधली त्या काचवाल्या काकांना आधी फोन केला. “काका, काच टफन्ड नाही ना?” “नाही रे, साधी आहे. टफन्डला नुसती ड्रिल टेकवलीस तरी साबुदाणा होईल.” तरी जीव राहिना. लॅपटॉपचा पडदा पांढरा करून काचेमागे धरला आणि पोलराइज्ड गॉगल लावून पाहिलं. टफन्ड काचेत तापवून एकदम गार केल्याचा ताण असतो, तो असा काळपट पट्ट्यांनी दिसतो. माझी काच स्वच्छ. आईने दारातून विचारलं, घरात गॉगल कशाला? सांगत बसलो नाही.

टँक कनेक्टरचे (भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा) आटे मोजून ४४ मिलिमीटरचा डायमंड होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, आणला होता. त्याला दात नसतात, नुसती हिऱ्याच्या कणांची कड असते. तो कापत नाही, झिजवतो. झिजताना गरम होतो आणि गरम झाली की काच तडकते, म्हणून पाणी हवंच. टाकी पालथी, म्हणजे समोरची काच खाली घडी घातलेल्या चादरीवर. मागच्या काचेवर कणकेचं आळं केलं, कढीलिंबाला करतो तसं, आणि त्यात पाणी. आतून चिकटपट्टी. ड्रिल बॅटरीवरची, पाण्याजवळ वायरवाली नको. हॅमरचं बटण बंद आहे ना, हे चार वेळा पाहिलं.

सुरुवात तिरकी करायची, नाहीतर सॉ काचेवर नाचतो. चंद्रकोरीएवढी खाच पडली की हळूहळू उभा करायचा. काका समोर बसायला आले होते. मी नकळत रेटायला लागलो तसे म्हणाले, “जोर लावायचाय तर वरवंटा घे की.” मग फक्त ड्रिलचं वजन ठेवलं. आळ्यातलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. चौदा मिनिटं. शेवटी शेवटी आवाज बदलतो, जरा पोकळ येतो, तिथे तर ड्रिल जवळजवळ उचलूनच धरली. चकती चिकटपट्टीवर अलगद बसली. आतल्या कडेला तांदळाएवढी कपची उडाली आहे, पण ती वॉशरखाली झाकली जाते.

चकती काकांनी खिशात घातली. का ते विचारलं नाही.

रविवार, दुपार

आतलं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढलं, नुसता तो कोपरा नाही, चारही बाजूंचं आणि तळाचं. काचा जोडणाऱ्या सांध्याला हात लावला नाही. मग अॅसिटोनने पुसणं. कंटाळवाणं काम, कंबर गेली. मग कडेने चिकटपट्ट्या लावून नवीन सिलिकॉन भरलं. नळी व्हिनेगरसारख्या वासाची, बुरशीनाशक नसलेली. बाथरूमवालं माशांना चालत नाही. बोट एकदाच फिरवलं आणि साय धरायच्या आत पट्ट्या ओढून काढल्या.

पुढच्या रविवारपर्यंत टाकीला हात लावायचा नाही. मग नळाचं पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवायचं.

आईने आत्ताच विचारलं, चादरी कशात भिजवू? बादलीत, म्हटलं. तिने टबात डोकावून पाहिलं. “हा लहानगा सारखा हीटरमागे का जातो रे?” तो लहानगा म्हणजे नर. खुर्ची ओढून तिथेच बसली आहे.