जॅक डेम्प्सीचा लेख तपासताना

आमच्या सांगलीतल्या तालमीची स्मरणिका निघायची होती आणि प्रुफं तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुस्तीचे लेख झटपट उरकले. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. घोडं अडलं ते बॉक्सिंगवरच्या एकुलत्या एका लेखापाशी.

लेख जॅक डेम्प्सीवर. त्यात हा गडी 1884 मध्ये मिडलवेटचा जगज्जेता, टोपणनाव 'नॉनपरेल', आणि 1919 मध्ये जेस विलर्डला लोळवून हेवीवेटचाही जगज्जेता! म्हणजे पस्तीस वर्षं रिंगणात. आमचे वस्तादसुद्धा गप्पांत एवढं ताणत नाहीत.

मी एका कागदावर साल, वजनगट आणि गाव असे तीन रकाने पाडले आणि सापडेल ती नोंद त्यात टाकत गेलो. एका ठिकाणी डेम्प्सी 1895 मध्ये वारला होता, दुसरीकडं 1895 मध्येच जन्मला होता. माणसं दोन होती. पहिला मूळचा जॉन केली, आयर्लंडचा. 1891 मध्ये न्यू ऑर्लिन्सला बॉब फिट्झसिमन्सकडून हरला आणि पुढं क्षयानं गेला. दुसरा विल्यम हॅरिसन डेम्प्सी, कोलोरॅडोतल्या मनासा गावचा, म्हणून 'मनासा मॉलर'. आधी तो 'किड ब्लॅकी' नावानं लढायचा. 'जॅक' त्यानं त्या जुन्या विजेत्यावरून घेतलं. त्यात भर म्हणजे त्याचा भाऊ बर्नीही जॅक डेम्प्सी म्हणूनच लढलेला. त्यामुळं सुरुवातीच्या लढतींचे आकडे मी सरळ गाळले.

शिकागोच्या लढतीवर मात्र मी हौसेनं वेळ घालवला. जीन टनी या मुष्टियोद्ध्यानं 1927 मध्ये तिथं मनासावाल्या डेम्प्सीचा किताब हिसकावला, असं लेखात होतं. किताब गेला होता आदल्या वर्षीच, फिलाडेल्फियात. शिकागोची लढत गाजली ती सातव्या फेरीमुळं. टनी दोराला लागून खाली बसलाय आणि डेम्प्सी त्याच्या डोक्यावर उभा. पाडणाऱ्यानं लांबच्या कोपऱ्यात जायचं असा नियम. हा हलेना, आणि तो जाईपर्यंत पंच दहाची मोजणी धरेना; दहा मोजेपर्यंत पडलेला उठला नाही, तर तो हरतो. लढतीचं चित्रण उपलब्ध आहे. घड्याळ लावून बघितलं, तर टनी उठेपर्यंत दहा सेकंद केव्हाच उलटलेले असतात. आणि शेवटी गुणांवर जिंकला तोच.

लेखक निवृत्त क्रीडाशिक्षक. फोनवर म्हणाले, "अहो, नॉनपरेल राहू द्या की, नाव कसं भारदस्त वाटतं."

"सर, ते दुसऱ्याचं आहे. आणि फोटो तुम्ही हेवीवेटवाल्याचा दिलाय."

बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं: लेख मनासावाल्याचा, आयरिश डेम्प्सीला खाली छोटी चौकट.

"बरं, पण विलर्ड पहिल्याच फेरीत सात वेळा पडला, त्याला तरी कात्री लावू नका."

ते खरंच होतं. ठेवलं.