वर हौस, खाली शिसं

"वहिनींसाठी दाखवू का?" दुकानदारानं विचारलं. दुपारची वेळ, इमिटेशनच्या दुकानात गिऱ्हाईक मी एकटाच. "नांगरासाठी हवीये," म्हणालो. त्यानं मुकाट्यानं बारीक कड्यांच्या साखळ्यांचा ट्रे पुढे सरकवला. मुंबईत कुणाला कशाचं नवल वाटत नाही, हे एक बरं.

कोकण किनाऱ्यावर धावायची तसली जुनी आगबोट करतोय, रिमोटवर चालणारं मॉडेल, पन्नासास एक या प्रमाणात. लांबी साडेतीन फूट. किट नाही, प्लायवूडच्या फासळ्या, वर बाल्सा या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, त्यावर फायबरचं कापड आणि ते घट्ट बसवणारं इपॉक्सी. कठड्याचे खांब म्हणजे टाचण्या, गोल खिडक्या म्हणजे बुटाच्या नाडीची आयलेटं. लोकांना कौतुक रिमोटचं. तो, रिसीव्हर, सुकाणू फिरवणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो, सगळं तयार मिळतं हो! साखळी मिळत नाही.

लहानपणी जत्रेतून आणलेली पत्र्याची बोट घंगाळात सोडायचो. आत तेलाची वात, मागे दोन नळ्या. वात पेटली की टकटक करत गोल गोल फिरायची. तिला वळवता यायचं नाही, थांबवताही यायचं नाही. तेल संपेस्तोवर सगळं घर तिच्या तालावर. आजी म्हणायची, "आटपा लवकर, अंघोळी खोळंबल्यात."

इथं मात्र पाण्याशी गाठ आहे. बोट लहान करता येते, पाणी लहान होत नाही. लांबी पन्नासावा हिस्सा झाली की वजन होतं थेट सव्वा लाखावा हिस्सा. मूळ बोट या कुशीवरून त्या कुशीवर जाऊन परत यायला दहा सेकंद घेत असेल, तर ही जेमतेम दीड सेकंदात येते. तळ्यावरची दोन सेंटिमीटरची लाट हिच्या हिशेबी मीटरभराची. आणि आपली हौस सगळी वरच्या मजल्यावर! भोंगा, शिड्या, लाईफबोटी, कनातीचे दांडे. एकेक डागिना चढला की बोट डोकेजड होते. मग जाळ्याला लावतात ते शिसं आणायचं आणि तळाशी, कण्यालगत चिकटवत बसायचं. पाण्यात ठेवून कठड्यावर हाताचं बोट टेकवायचं, सोडायचं. ती झटकन सरळ व्हायला हवी. रेंगाळली, तर वरचं काहीतरी उतरवा.

रेवसच्या लाँचमध्ये आम्ही पोरं बगळे बघायला एका बाजूला धावलो की आजोबा ओरडायचे, "एका अंगाला जमू नका रे!" एरवी शांत माणूस. म्हाताऱ्याची खोड म्हणून आम्ही हसायचो.

१७ जुलै १९४७. 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्या तोंडावर, घराकडे निघालेल्यांची गर्दी, तुफान पाऊस. बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, आणि ती उलटली. सहाशेंहून जास्त माणसं गेली. आजोबा रेवसकडचेच, तेव्हा ऐन पंचविशीत. त्यांनी आम्हाला रागावण्यापलीकडे कधी काही सांगितलं नाही.

मॉडेलवाले डेकवर माणसंही उभी करतात. या मापाची साडेतीन सेंटिमीटरची, रंगवलेली, बाजारात मिळतात. मी आणलेली नाहीत. आणणारही नाही.