बघणाऱ्याची जागा

सोमवार

बापाच्या डोक्यात फावडं घालून पळालेला क्रिस्टी नावाचा एक पोरगा आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावरच्या गुत्त्यात शिरतो आणि गावाला तो चक्क आवडून जातो. आयरिश नाटककार सिंजच्या 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड'ची सगळी मेख इथेच आहे. गावातल्या पोरी त्याला बघायला येतात त्याही रिकाम्या हाताने नाहीत. कुणी बदकाची अंडी आणते, कुणी लोणी, कुणी केक, तर एकीने तलंग उकडून आणलीय. क्रिस्टी जितक्या वेळा ती हकीकत सांगतो तितका फावड्याचा घाव खोल जातो. शेवटी शेवटी तर बाप कमरेपर्यंत चिरला गेलेला असतो.

आणि मग डोक्याला फडकं गुंडाळलेला तो बापच दारात येऊन उभा राहतो. क्रिस्टी सगळ्यांसमोर त्याला पुन्हा हाणतो. इतका वेळ डोक्यावर घेणारं गाव आता त्याच्याच गळ्यात दोर टाकतं. लग्नाला तयार झालेली पेगीन पेटलेल्या शेणीसारख्या मातीच्या ढेपेने त्याच्या पायाला चटका देते. बाहेरगावची मारामारी म्हणजे गोष्ट आणि परसातली म्हणजे पाप, असा तिचा हिशोब आहे.

२६ जानेवारी १९०७ ला डब्लिनच्या ॲबी थिएटरात पहिला प्रयोग झाला. पहिले दोन अंक नीट गेले, तिसऱ्यात प्रेक्षक उखडले. बापावर फावडं चाललं म्हणून नव्हे! नायकाने बायकांच्या आतल्या कपड्याचं नाव घेतलं म्हणून. ॲबी चालवणाऱ्या लेडी ग्रेगरीने आपल्या साथीदाराला, कवी येट्सला, तारेने तेच कळवलं. अर्थात खरा राग वेगळा होता. आयरिश खेडूत असा दाखवला, हे राष्ट्राभिमानी मंडळींना झोंबलं होतं. पुढच्या प्रयोगांना पोलीस बोलवावे लागले.

त्याच वर्षी आपल्याकडे खाडिलकरांचं 'कीचकवध' आलं. तिथे मारणारा भीम सर्वांना प्रिय होता, कारण मार खाणाऱ्या कीचकात कर्झन दिसत होता. सरकारलाही तो दिसला आणि १९१० साली बंदी आली. कोणाला मारलं यापेक्षा बघणारा कुठे बसलाय, यावर किती अवलंबून असतं!

पुढच्या अभिवाचनाचा विषय 'हिंसा' आहे आणि ब्रिटिश-आयरिश नाटकं चाळायचं काम माझ्या गळ्यात आलंय. सुरुवात तर बरी झाली.

बुधवार

सारा केनचं 'ब्लास्टेड' एका बैठकीत वाचवलं नाही. मध्ये उठून उगाच कपडे वाळत घालून आले.

लीड्समधली महागड्या हॉटेलची खोली. पेपरात मसालेदार बातम्या देणारा, फुप्फुसं कामातून गेलेला इयन आणि त्याच्याहून कितीतरी लहान केट. तो तिच्यावर जबरदस्ती करतो, पण ती घडते दोन प्रवेशांच्या मध्ये, आपल्याला दिसत नाही. मग दारावर टकटक होते, बंदूक घेतलेला सैनिक आत येतो, बॉम्ब पडतो आणि खोलीची भिंत फुटते. एका क्षणात लीड्सचं बोस्निया होतं. बलात्कार, इयनचे काढलेले डोळे, मेलेलं बाळ, पुढचं सगळं डोळ्यांदेखत होतं. स्रेब्रेनित्सातली रडणारी म्हातारी केनने टीव्हीवर पाहिली आणि खोलीतल्या दोन माणसांचं नाटक तिथून बदललं. घरातली जबरदस्ती आणि युद्धातली जबरदस्ती यांच्यात फक्त एक भिंत आहे, हे तिला दाखवायचं होतं. तिने ती पाडली. मला हे तंत्र म्हणूनही जबर वाटतं. दारावर टकटक होईपर्यंत आपण एका ओळखीच्या, बंद खोलीच्या नाटकात निवांत बसलेलो असतो.

जानेवारी १९९५, लंडनच्या रॉयल कोर्टचं वरच्या मजल्यावरचं छोटं थिएटर. जेमतेम साठ-सत्तर खुर्च्या, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वर्गखोलीएवढा प्रेक्षक. लेखिका तेवीस वर्षांची. डेली मेलचा समीक्षक जॅक टिंकर याने नाटकाला घाणीची मेजवानी ठरवलं. त्याच आठवड्यात कोबेला भूकंप होऊन हजारो माणसं मेली होती, आणि काही पेपरांत त्याहून जास्त जागा या साठ-सत्तर खुर्च्यांना मिळाल्याचं केननेच नंतर म्हटलंय. पिंटर आणि एडवर्ड बॉण्ड हे नाटककार तिच्या बाजूने उभे राहिले. समीक्षक मायकेल बिलिंग्टनने आपलं चुकलं हे पुढे कबूल केलं. केननेही हिशेब चुकता केला: तिच्या 'क्लीन्स्ड' नाटकातल्या छळ करणाऱ्या माणसाचं नाव टिंकर! १९९९ मध्ये, अठ्ठावीसाव्या वर्षी, तिने जीव दिला. त्यानंतर बऱ्याच जणांनी तिची नाटकं तिच्या मरणाकडून मागे वाचायला घेतली. ते मला पटत नाही.

कारण 'ब्लास्टेड'च्या शेवटी केट परत येते. पाव, सॉसेज आणि जिनची बाटली घेऊन. ते कसं मिळवलं हे तिच्या अंगावरच्या रक्तावरून कळतं. आधी स्वतः खाते, उरलेलं आंधळ्या इयनला भरवते. तो आभार मानतो आणि नाटक संपतं. घाणीच्या मेजवानीवर लिहिणाऱ्यांना हा घास दिसला नसावा.

गुरुवार

आप्पांचा फोन. "अगं, हे कोणाला वाचून दाखवणार? आणि मंडळाकडे पाठवणार आहेस का संहिता?"

त्यांनी तेंडुलकरांच्या 'गिधाडे'चा किस्सा पुन्हा सांगितला. साडीवरच्या लाल डागावर परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि हा निळा डाग लाल समजावा असं प्रयोगाआधी जाहीर केलं. लाल असता तर काहींच्या नजरेतून सुटलाही असता. निळा कोणाच्या सुटणार? पीटर ब्रूकने १९५५ मध्ये 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये रक्ताच्या जागी लाल फिती सोडल्या होत्या, तो हौसेचा मामला होता. लागूंचा नाइलाज होता, आणि त्यातूनच मला जास्त धक्का बसतो.

ब्रिटनने १७३७ पासून चालत आलेली संहितेची पूर्वतपासणी १९६८ साली मोडीत काढली. आपल्याकडे ती अजून आहे.

शनिवार

मार्टिन मॅकडोनाचं 'द लेफ्टनंट ऑफ इनिशमोर'. एक माणूस उलटा टांगलेला, पायाची नखं उपटलेली. उपटणारा, सशस्त्र गटातला पॅड्रेक फोनवर रडतोय, कारण गावी त्याच्या मांजराला बरं नाही. टांगलेला माणूस मग त्याला मांजराच्या गजकर्णावर गोळ्या सुचवतो आणि त्यावरच सुटतो. मी खो खो हसले. शेवटी प्रेतांचे तुकडे करणारे दोघे रक्ताने न्हालेले, आणि मेलं म्हणून ज्याच्यापायी हे सगळं झालं ते मांजर जिवंत निघतं. आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांची एवढी टर त्याआधी कोणी रंगमंचावर उडवली असेल असं वाटत नाही. मोठ्या थिएटरांनी नाकारल्यावर २००१ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने ते केलं.

पण चौथ्या प्रेतापाशी मला सवय झाली होती. हसू धक्का जिरवतं. मॅकडोनाला हे ठाऊक असणार, तरी मन खट्टू झालं ते झालंच. शिवाय जिवंत मांजर सांभाळणार कोण?

रविवार

बॉण्डचं 'सेव्ह्ड', १९६५. दक्षिण लंडनमधली बाग. बाबागाडीत बाळ, आईने ॲस्पिरिन दिल्यामुळे गुंगीत. पोरं आधी गाडी एकमेकांकडे ढकलतात. मग चिमटा, मग केस ओढणं, मग लंगोटातली घाण तोंडाला फासणं. मग दगड. एकदम काही होत नाही. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडंसंच पुढे, शिवाय वर थट्टा. दगड मारणाऱ्यांत बहुधा बाळाचा बापही आहे. प्रेक्षकाला बाळ एकदाही दिसत नाही आणि या प्रवेशात ते रडतही नाही. बाग बंद व्हायची घंटा होते, पोरं पळतात, आई येते आणि लाडाने बोलत गाडी घेऊन जाते. आत बघत नाही. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दगडांपेक्षा त्या न बघण्याने.

आणि बाळाच्या आईच्या घरी राहणारा लेन, ज्याला आपण इतका वेळ भला माणूस धरून चाललोय, तो हे सगळं झाडांआडून बघत होता. थांबवायला हवं होतं, असं तो पुढे तुरुंगात भेटायला गेल्यावर म्हणतो. केनने भिंत पाडली, सिंजने गावाला दाराशी आणलं. बॉण्डने मात्र प्रेक्षकाला पात्रच करून झाडांआड उभं केलं.

संहिता तपासणाऱ्या लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याने हा प्रवेश कापायला सांगितला, बॉण्डने नकार दिला. रॉयल कोर्टने मग फक्त सभासदांसाठी म्हणून प्रयोग केले, तरी खटला झालाच. ऑलिव्हिएसारखा नट नाटकाच्या बाजूने उभा राहिला. जर्मन शहरांवर झालेल्या बॉम्बवर्षावापुढे हे एक बाळ म्हणजे किरकोळ गोष्ट, असं बॉण्ड स्वतः प्रस्तावनेत लिहितो. तेही त्याच्या त्या तिरकस, चिडक्या पद्धतीने.

आप्पांना कळवलं, मला हेच हवंय. नेहमीप्रमाणे त्यांनी लगेच अडचण काढली: शेवटच्या प्रवेशात घरातली चौघंही गप्प असतात, लेन मोडकी खुर्ची दुरुस्त करत बसतो आणि हातोडी मागण्यापुरतं एकच वाक्य आहे. अभिवाचनात ते कसं ऐकू येणार? बरोबर आहे. तिथे सगळा भार रंगसूचना वाचणाऱ्यावर येतो. ते काम मी मागून घेतलंय. बाळाच्या प्रवेशाला मात्र रंगसूचना कोण वाचणार, यावर दोन तास वाद झाला आणि ते अजून ठरलेलं नाही.