भुसावळच्या उन्हात चालेल असा गेमिंग संगणक जुळवताना

स्वतःचा पहिला गेमिंग संगणक असेंबल करायचा म्हटले, की भाग एकमेकांशी जुळतात का हे जितके पाहावे लागते, तितकेच ते आपल्या गावच्या हवेशी आणि विजेशी जुळतात का हेही पाहावे लागते, असे माझे मत २०२४ साली माझा संगणक जुळवताना पक्के झाले. आपल्याला वाचायला मिळणाऱ्या बहुतेक चाचण्या थंड खोलीत घेतलेल्या असतात. भुसावळला मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, जिनिंगच्या हंगामात रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात आणि संध्याकाळी विजेचा दाब कमीजास्त होत राहतो.

मी सुरुवात पडद्यापासून केली. २४ इंची, १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा आणि १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर मला पुरेसा होता. त्याहून जास्त पिक्सेलचा पडदा घेतला असता, तर ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग), एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि उष्णता या तिन्ही गोष्टी वाढत गेल्या असत्या. या पडद्यासाठी आरटीएक्स ४०६० हे कार्ड निवडताना त्याची कमी वीज माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरली. ते ११५ वॅटपर्यंत वीज घेते, तर त्याच वर्गातले आरएक्स ७६०० हे कार्ड १६५ वॅट घेते. हा ५० वॅटचा फरक शेवटी उष्णतेच्या रूपाने खोलीतच उतरतो, आणि आमच्या पत्र्याच्या छपराच्या खोलीत तो जाणवतोच. ‘एवढ्या पैशांत तयार संगणक मिळत असताना सुटे भाग कशाला?’ असे आप्पांनी विचारले, तेव्हा मी त्यांना हेच गणित कागदावर मांडून दाखवले.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड (ज्यावर सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्ड) यांच्या जुळणीवर मी सर्वाधिक वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा, कारण येथे चुकीचा भाग घेतला तर तो बसतच नाही किंवा बसूनही चालू होत नाही. एएमडी कंपनीचे एएम५ सॉकेट (बोर्डावरील प्रोसेसर बसवण्याची जागा) २०२२ साली आले, पण त्यावर केवळ नव्या पिढीची डीडीआर५ रॅम चालते आणि तेव्हा हा सगळा संच माझ्या खर्चाच्या मर्यादेबाहेर जात होता. म्हणून मी जुन्या एएम४ सॉकेटचा रायझेन ५ ५६०० घेतला. त्यात सहा कोअर (काम करणारे विभाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) असून त्याचा टीडीपी, म्हणजे उष्णतेचे कंपनीने दिलेले माप, ६५ वॅट आहे. नावात नुसते एक अक्षर वाढलेला ५६००जी हा वेगळा प्रोसेसर आहे: त्यात स्वतःचे ग्राफिक्स असते, पण पीसीआयईचा, म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांमधील जोडणीचा, ३.० पर्यंतचाच वेग मिळतो. आरटीएक्स ४०६० सोळाऐवजी आठच लेन (त्या जोडणीतील मार्ग) वापरत असल्यामुळे त्याला अधिक वेगाचे पीसीआयई ४.० मिळणे मला आवश्यक वाटले. त्याच कारणाने स्वस्तातला ए५२० मदरबोर्ड बाजूला ठेवून मी बी५५० चिपसेटचा (बोर्डावरील नियंत्रक चिपचा) मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा, बोर्ड ठरवला. ५६०० मध्ये ग्राफिक्स नसल्याने मॉनिटरची केबल मदरबोर्डाला जोडून चित्र येणार नाही, ती ग्राफिक्स कार्डालाच जोडावी लागते, हेही नव्या माणसाने लक्षात ठेवावे.

सॉकेट जुळले म्हणजे काम संपले असे होत नाही. बी५५० बोर्ड २०२० च्या मध्यात आले आणि ५६०० हा प्रोसेसर २०२२ साली आला, त्यामुळे दुकानात जुना साठा असेल तर बोर्डातील बायोस (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) त्या प्रोसेसरला ओळखेलच असे नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरपुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. ती मी लिहून घेतली आणि प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस अद्ययावत करता येईल असे बटण असलेलाच बोर्ड निवडला. जळगावच्या दुकानदारांनी खोका उघडण्याआधी त्यावरील, रायझेन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात असे सांगणारे स्टिकर मला दाखवले. ‘भाऊ, एवढं बघून घेणारा गिऱ्हाईक परत तक्रार घेऊन येत नाही,’ असे ते म्हणाले आणि बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक घालून दिला.

रॅम आणि साठवणूक यांची निवड सोपी होती. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मी एएम४ ला चालणाऱ्या डीडीआर४ च्या, ३२०० वेगाच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, कारण १६ जीबीच्या एकाच पट्टीने दोन चॅनलचा (एकाच वेळी दोन मार्गांनी माहिती नेण्याचा) लाभ मिळत नाही. एम.२ एसएसडी (बोर्डावर थेट बसणारी साठवणुकीची पट्टी) घेताना ती वेगवान एनव्हीएमई पद्धतीची आहे की जुन्या, संथ साटा पद्धतीची हे पाहिले, आणि ती बसवल्यावर बोर्डावरील कोणते साटा पोर्ट बंद होतात ते मॅन्युअलमध्ये वाचले.

कॅबिनेटच्या बाबतीत मात्र मी कोणाचेच ऐकले नाही. समोर काच असलेली, रंगीत दिव्यांची कॅबिनेट सगळीकडे मांडलेली होती, पण काचेतून हवा आत जात नाही. खोलीचे तापमान २५ वरून ४० अंशांवर गेले, तर आतील भागांचे तापमानही साधारण तेवढ्याच अंशांनी चढते, आणि ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे. म्हणून समोर जाळी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर, आत हवा घेणारे दोन पंखे आणि बाहेर टाकणारा एक, अशी रचना मी घेतली. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून रुई आणि धूळ ओढली जात नाही. प्रोसेसरसोबत येणारा छोटा कूलर आमच्या उन्हाळ्याला अपुरा पडेल असे वाटल्याने मी टॉवर कूलर (उभा, मोठा कूलर) घेतला, पण त्याआधी त्याची उंची कॅबिनेटच्या मर्यादेत बसते हे मिलिमीटरमध्ये ताडून पाहिले. ग्राफिक्स कार्डाच्या लांबीचेही तसेच: कॅबिनेटवर लिहिलेल्या जागेतून समोरच्या पंख्याची २५ मिलिमीटर जाडी वजा करूनच उरलेली जागा धरावी.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नयेत, हे मी आग्रहाने सांगेन. कार्डाचे ११५, प्रोसेसरचे (टीडीपी ६५ असला तरी प्रत्यक्ष कमाल) सुमारे ७६ आणि उरलेल्या भागांचे ५० धरले तरी बेरीज २५० वॅटच्या आत राहते. तरीही कार्डाच्या कंपनीची शिफारस ५५० वॅटची आहे, आणि मी ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) तेवढ्याच क्षमतेचा नामांकित एसएमपीएस घेतला. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला सारख्या असल्या तरी वेगळ्या असतात, त्यामुळे त्यांवरील अक्षरे वाचूनच त्या जोडाव्यात. वीज गेल्यावर एसएमपीएस जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरला साध्या मोडमध्ये असताना बॅटरीवर जायला याहून अधिक वेळ लागू शकतो आणि संगणक बंद पडतो. म्हणून स्वतंत्र यूपीएस घेतला. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, त्यामुळे मॉनिटर धरून मोकळीक राहावी यासाठी मी १००० व्हीएचा निवडला. आमचे घर जुने असल्याने वायरमनकडून अर्थिंगही तपासून घेतले. न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज एकदोन व्होल्टांच्या आसपास आल्यावरच संगणकाची पिन त्या स्विचबोर्डात लावली.

संगणक पहिल्यांदा चालू झाल्यावर रॅम ३२०० ऐवजी कमी वेगाने दिसत होती, कारण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लागू करणारी सेटिंग) सुरू करावे लागते. मे महिन्याच्या दुपारी खोलीतला कूलर चालू ठेवून मोठा गेम लावला, तेव्हा प्रोसेसर ८० अंशांच्या आत राहिला. पुढे अधिक वेग हवा वाटल्यास याच बोर्डात रायझेन ७ ५७००एक्स३डी बसतो, मात्र त्याचा टीडीपी १०५ वॅट असल्याने त्या वेळी टॉवर कूलरचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.