नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड: वाट ठरवण्यापासून गडावर पोचेपर्यंत

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्यावर, पोटावर झोपून खाली डोकावलं की पार तळाशी बेलपाड्याची घरं दिसतात. पाचनईहून गड झाला होता, खिरेश्वरहूनही झाला होता, पण कड्याच्या पायथ्यापासून थेट वर यायचं मनात भरलं ते तिथेच. कड्याला लागून एक अरुंद घळ कोकणातून सरळ वर चढते. तीच नळीची वाट.

आमचा गट तसा घरचाच. नवरा, वहिनी, दोघं-तिघं जुने मित्र. त्यातल्या दोघांना दोर लावण्याचा चांगला अनुभव. जायचं नक्की झालं, तरी नळीनेच जायचं हे ठरायला बराच वेळ गेला. पाचनईची वाट सगळ्यात सोपी, दोन-तीन तासांत माणूस देवळापाशी. खिरेश्वरहून टोलार खिंड, तिथलं वाघाचं शिल्प, पुढे रेलिंग लावलेला कातळ आणि मग संपता न संपणारं पठार. बेलपाड्यातूनच साधले घाटही वर जातो आणि तो नळीपेक्षा सौम्य आहे. नळीत मात्र हजार मीटरहून जास्त चढाई, मोठाले धोंडे, घसारा म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी दगडमाती, मधे कातळटप्पे, आणि काम पूर्ण दिवसाचं.

वहिनीला उंचीची धास्ती, एका मित्राचा गुडघा कुरकुरणारा. त्यामुळे ‘जमेल का?’ यापेक्षा ‘नाही जमलं तर परत कुठून फिरायचं?’ हे आम्ही आधी पाहिलं. मला विचाराल तर वाट निवडताना हाच प्रश्न पहिला. नळीत खालच्या ओढ्यात असेपर्यंत कधीही माघारी येता येतं. कातळटप्पे सुरू झाले की उतरणं चढण्यापेक्षा अवघड. म्हणून नियमच करून टाकला: पहिल्या कातळटप्प्याच्या पायथ्याशी सकाळी दहापर्यंत सगळे पोचले नाहीत, तर सगळेच मागे. उतरायला पाचनई. नळीने चढून त्याच दिवशी साधल्याने बेलपाड्यात उतरणारे पुष्कळ आहेत, पण दमलेल्या गुडघ्यांनी संध्याकाळी अनोळखी घाट उतरणं मला अजिबात मान्य नव्हतं. गडावर मुक्काम ठरला.

पावसाळ्यात नळीचं नावही काढायचं नाही. ती मुळात पाण्याचीच वाट, वरून येणारा प्रत्येक थेंब आणि सुटलेला प्रत्येक दगड तिथूनच खाली जातो. आम्ही जानेवारी धरला आणि मुद्दाम मधला वार. शनिवार-रविवारी आपल्या डोक्यावर दुसरा गट चढत असेल, तर त्यांच्या पायाखालचे दगड आपल्याच अंगावर येतात.

तयारीत पळण्यावर आम्ही फारसा भर दिला नाही. नळीत कमरेएवढ्या धोंड्यांवर पाय टाकून अंग उचलावं लागतं, तेही पाठीवर ओझं घेऊन. तेव्हा सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून डोंबिवलीतल्या इमारतीचे जिने, दोन-दोन पायऱ्या एकदम. उतरताना सावकाश, कारण गुडघ्यावरचे स्नायू सावकाश उतरताना चांगले बळकट होतात. सुट्टीच्या दिवशी मलंगगडाच्या पायऱ्या. वहिनीच्या धास्तीसाठी गोरखगड धरला. देहरीतून वर गेलं की शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात आणि पाठीमागे नुसती दरी. तिथे ती पहिल्या वेळी थिजली होती. मग सवयीने तिची नजर हातापाशी राहायला लागली. हे आपोआप होत नाही, त्यासाठी तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं.

सॅकमध्ये दोर, हार्नेस म्हणजे दोराला जोडायचा कमरेचा पट्टा, प्रत्येकाला हेल्मेट, माणशी चार लिटर पाणी. ओढ्यातली कुंडं खालच्या टप्प्यातच भेटतात, वर घळ कोरडी. खायला खजूर, गूळ-शेंगदाणे, चपातीचे रोल. अत्तर किंवा सुगंधी काहीही नको, कारण कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि वासाने माश्या उठतात.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे, मोरोशी करत रात्रीच बेलपाड्यात पोचलो. गावातले एक दादा वाटाडे म्हणून बरोबर आले. पहाटे पाचला हेडटॉर्च लावून निघालो, कारण नळीचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारपर्यंत सावली आणि नंतर समोरून ऊन. त्या सावलीतच अवघड भाग उरकायचा होता.

खालचा ओढा म्हणजे नुसते धोंडे, काही घराएवढे. वर घळ अरुंद होते आणि सह्याद्रीचे लाव्हाचे थर उघडे पडतात. कठीण थर म्हणजे कातळटप्पा, मऊ थर झिजून झालेला तो घसारा. हे कळलं की वाट आधीच वाचता येते: टप्पा चढून वर आलो की घसारा येणार, तिथे अंतर ठेवायचं नाही. दगड सुटलाच तर मागच्याच्या पायाशी थांबावा, वेग घेऊ नये.

एकदा तो सुटलाच. वरून ‘दगड!’ अशी हाक आली आणि मी मान वर करणार, तोच दादा ओरडले, “वर बघू नका ताई, भिंतीला चिकटा!” नारळाएवढा दगड दोनदा आपटून बाजूने गेला. त्यानंतर अरुंद जागी एकेकानेच जायचं, बाकीच्यांनी कातळाच्या आडोशाला थांबायचं.

पहिल्या कातळटप्प्याखाली आम्ही साडेनवाला पोचलो होतो. दादा अनवाणी चढून गेले, मित्रांनी दोर बांधला. वहिनी मधे होती. प्रत्येक खाच धरण्याआधी ती मुठीने ठोकून बघत होती, पोकळ आवाज आला की सोडून द्यायची. एका जागी पाय आडवा टाकायचा होता आणि खाली सगळी नळी मोकळी. ती थांबली, दोन श्वास घेतले आणि टाकला. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू!

वर पठारावर आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. गावकऱ्यांच्या झोपडीत पिठलं-भाकरी जेवलो. दुसऱ्या सकाळी केदारेश्वराच्या लेण्यात गेलो. चारांपैकी एकच खांब उरलेला आणि शिवलिंगाभोवती पाय बधिर करणारं पाणी. मग पाचनईला उतरलो आणि राजूर, घोटी करत कसाऱ्याला लोकल पकडली. गुडघेवाला मित्र ठाकठीक होता.

लोकलमध्येच वहिनीने साधले घाटाचा विषय काढला, उतरण्यासाठी नव्हे, चढण्यासाठी. दादांना फोन केला तर म्हणाले, या, पण फेब्रुवारीच्या आत या, नंतर ऊन सोसणार नाही आणि वाळलेल्या गवतावर पाय सरकतो.