रणगाडा निवडताना पहिला प्रश्न दारूगोळ्याचा

रणगाड्यांची तुलना सुरू झाली की बोलणे बहुधा तोफेचा व्यास, इंजिनाची ताकद आणि समोरच्या चिलखताची जाडी यांभोवती फिरत राहते. माझ्या मते नवा रणगाडा घेणाऱ्या कोणत्याही सैन्याने त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: चिलखत भेदले गेलेच, तर आतली माणसे जिवंत बाहेर पडतील का?

याचे उत्तर बरेचसे दारूगोळा कुठे ठेवला आहे यावर ठरते. सोव्हिएत बनावटीच्या टी-७२ मध्ये तोफेत गोळे भरणाऱ्या यंत्राच्या फिरत्या चकतीत २२ गोळे आणि त्यांना तोफेतून ढकलणाऱ्या दारूचे भार असतात, आणि कमांडर व तोफची बसतात ते नेमके या चकतीच्या वर. उरलेले गोळेही त्यांच्या आजूबाजूलाच रचलेले असतात. या मांडणीमुळे रणगाडा बुटका आणि हलका झाला, चौथ्या माणसाची गरजही उरली नाही. पण आतल्या दारूने एकदा पेट घेतला की तोफ बसवलेला संपूर्ण फिरता बुरूज उखडून दूर जाऊन पडतो आणि आतल्या कोणालाही संधी मिळत नाही. १९९१ मध्ये इराकमध्ये आणि २०२२ पासून युक्रेनमध्ये हे जगाने पुन्हा पुन्हा पाहिले.

अमेरिकन एब्रम्समध्ये बहुतेक गोळे बुरुजाच्या मागच्या कप्प्यात असतात. गोळा भरणारा सैनिक गुडघ्याने कळ दाबतो, जाड पोलादी दार सरकते, तो गोळा काढून घेतो आणि दार पुन्हा बंद होते. कप्प्यात स्फोट झालाच, तर छतावरचे मुद्दाम कमकुवत ठेवलेले पत्रे उडून आगीचा लोळ वरच्या वर निघून जातो. रणगाडा निकामी होतो, पण माणसे वाचू शकतात. जर्मन लेपर्ड-२ मध्ये असा कप्पा १५ गोळ्यांपुरताच आहे. आणखी २७ गोळे चालकाशेजारी, कोणत्याही वेगळ्या कप्प्याविना ठेवलेले असतात. २०१६ च्या अखेरीस सीरियातील अल-बाबजवळ तुर्की लेपर्डांची स्फोटांनी जी दुर्दशा झाली, तिची छायाचित्रे पाहताना ही मांडणी लक्षात ठेवावी.

मारा आता समोरून येईलच असे नाही, म्हणूनही हा प्रश्न आज अधिक तातडीचा आहे. जॅव्हलिन हे अमेरिकन रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र वर चढून छतावर झेपावते, आणि छताचे चिलखत समोरच्या मानाने फारच पातळ असते. स्फोटके बांधलेला छोटा ड्रोन तर चालवणाऱ्याच्या मर्जीनुसार इंजिनावर, झडपेवर किंवा बुरुजाच्या सांध्यावर नेता येतो. जाळीचे पिंजरे काही अंशी उपयोगी पडतात. मारा लागताच फुटून त्याचा जोर मोडणाऱ्या स्फोटक विटांचे प्रतिक्रियाशील चिलखतही उपयोगी आहे, मात्र दुहेरी स्फोटकाग्राचे क्षेपणास्त्र पहिल्या स्फोटाने वीट उडवते आणि दुसऱ्याने मूळ चिलखत भेदते.

सक्रिय संरक्षण प्रणालीवर माझा अधिक भरवसा आहे. रडारने येणारे क्षेपणास्त्र टिपून ते रणगाड्यापर्यंत पोहोचण्याआधीच नष्ट करायचे, हे तिचे तत्त्व. सोव्हिएत द्रोज्दने त्याची सुरुवात केली आणि २०११ मध्ये इस्रायलच्या ट्रॉफीने गाझा सीमेवर प्रत्यक्ष लढाईत ते सिद्ध केले. तरीही प्रत्येक बाजूला क्षेपणास्त्र पाडणारे प्रतिमारे मोजकेच असतात, शेजारून चालणाऱ्या पायदळाला धोका असतो, आणि सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणारा, शत्रूच्या तोफेतून सुटलेला धातूचा लांब बाण थोपवणे या प्रणालींना फार अवघड जाते. शिवाय वजन वाढते. पासष्ट टनांपलीकडे गेलेल्या रणगाड्याला पूल, रेल्वेचे डबे आणि ओढून नेणारी वाहनेही त्याच ताकदीची लागतात. म्हणून निवड करताना या प्रणालीसाठी वजनाची आणि विजेची सोय मुळातच राखून ठेवली आहे का, हे पाहावे. पुढे केव्हातरी बसवू, या आश्वासनावर विसंबू नये.

प्रात्यक्षिकात रणगाडा चिखलातून धावतो आणि चालत्या गाडीवरून अचूक नेम साधतो, तेव्हा पाहणारे भारावून जातात. अमेरिकेत १९८० च्या दशकातील कायद्यानुसार मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू होण्याआधी अशा वाहनांवर खरा मारा करून पाहावा लागतो. खरेदीदाराने विक्रेत्याकडे अशाच चाचणीचा आग्रह धरावा, तीही पूर्ण दारूगोळा भरलेल्या रणगाड्यावर, छतावर आणि बाजूंवर मारा करून. आणि त्यानंतर आतल्या आसनांपाशी किती उष्णता आणि किती दाब पोहोचला याच्या नोंदी करारावर सही होण्याआधी मागून घ्याव्यात.